खडी, मुरूम आणि चाळीस मिलिमीटर

जॉन लाउडन मॅकॅडम १८१६ साली ब्रिस्टलच्या रस्त्यांचा सर्व्हेअर झाला. खडीच्या रस्त्याला आज त्याचं नाव लागतं, पण त्याच्या पद्धतीचा सगळा जीव एका मापात होता. खालच्या थरात साडेसात सेंटिमीटरहून मोठा दगड चालणार नाही आणि वरच्या पाच सेंटिमीटरच्या थरात दोन सेंटिमीटरहून मोठा चालणार नाही, असा त्याचा दंडक. देखरेख करणारे तराजू घेऊन फिरत आणि फोडलेली खडी तपासत. दोनच सेंटिमीटर का? तर त्या वेळच्या घोडागाडीच्या चाकाची लोखंडी धाव दहा सेंटिमीटरच्या आसपास रुंद असे. धावेच्या मानाने दगड लहान असला की चाक त्याला खाली दाबून बसवतं. मोठा असला की चाक त्यावर चढतं, पलीकडे आदळतं आणि दगड उखडून टाकतं.

म्हणजे चाकाच्या रुंदीवरून रस्त्याचं माप ठरत होतं. सायकल चालवणाऱ्याच्या वाट्याला नेमकं उलटं काम येतं. रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याने, जिल्हा परिषदेने आणि गेल्या पावसाळ्याने आधीच ठरवून ठेवलेला असतो. त्याला साजेसं चाक आपण शोधायचं. नुसतंच डांबर असेल तर फारसा प्रश्न नाही. नुसताच डोंगर असेल तर माउंटन बाइक आहेच. खरी पंचाईत होते ती तीस किलोमीटर डांबर, मग बारा किलोमीटर मुरूम, मग पुन्हा डांबर अशा दिवसाची. दुकानात भिंतीवर टायर टांगलेले असतात: २८, ३२, ३५, ३८, ४०, ४५, ५०. सगळे मिलिमीटरमध्ये. सात-आठ वर्षांपूर्वी यातले निम्मे आपल्याकडे बघायलाही मिळत नसत, त्यामुळे निवडीचा त्रासही नव्हता.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. महाराष्ट्रात मिश्र रस्त्यांवर हिंडणाऱ्या बहुतेकांना चाळीसच्या आसपासचा टायर लागतो, आणि बहुतेकजण त्याहून अरुंद घेतात. आता हे का म्हणतो ते रस्त्यापासूनच सांगितलं पाहिजे.

नीरा डाव्या कालव्याच्या कडेचा रस्ता घ्या. वीरपासून निघालेला हा ब्रिटिशकालीन कालवा पुरंदर, बारामती, इंदापूर असे तालुके ओलांडत जातो. पाटबंधारे खात्याची जीप जावी म्हणून बांधावर मुरूम टाकलेला. काही तुकडे डांबरी झालेत, काही ठिकाणी नुसत्या दोन चाकोऱ्या आणि मधे गवत. पाऊस ओसरल्यावर चांगला दबून बसलेला मुरूम इतका घट्ट असतो की ३२ मिलिमीटरच्या टायरलाही डांबराची उणीव भासत नाही. मग ऊसतोडणी सुरू होते. सोमेश्वर आणि माळेगावच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या तोच मुरूम दोन-तीन महिन्यांत उकरून काढतात आणि चाकोऱ्यांच्या कडेला सुट्या खड्यांचे पट्टे साचतात. तिथे अरुंद टायर नांगराच्या फाळासारखा रुतत जातो. रुंद टायर वर राहतो. रस्ता तोच, ऑक्टोबरात एक आणि फेब्रुवारीत दुसरा.

दुसरा नमुना डब्ल्यूबीएमचा. ग्रामपंचायतीच्या फलकांमुळे ही तीन अक्षरं राज्यातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहेत. वॉटर बाउंड मॅकॅडम, म्हणजे मॅकॅडमसाहेब अजून आपल्या पाणंदीवर हजर आहेत. त्याचं दोन सेंटिमीटरचं माप मात्र नाही. सरकारी तपशिलात या खडीचे तीन वर्ग आहेत: ९० ते ४५ मिलिमीटर, ६३ ते ४५ मिलिमीटर आणि ५३ ते २२.४ मिलिमीटर. ती अंथरायची, रोलर फिरवायचा, फटींत बारीक खडी आणि मुरूम भरायचा, पाणी मारून पुन्हा दाबायचं, आणि वर डांबराचा थर द्यायचा. शेवटची पायरी निधीअभावी एक-दोन पावसाळे लांबते. तेवढ्यात मुरूम वाहून जातो आणि काळ्या दगडाचे ताजे, धारदार कोपरे आकाशाकडे तोंड करून उभे राहतात. महाराष्ट्रातल्या सायकलच्या टायरसाठी याहून वाईट पृष्ठभाग मला माहीत नाही. यावर ५० मिलिमीटरही कमीच पडतो. इथे वेग कमी करणं एवढंच हातात असतं, आणि कधी कधी उतरून चालणं.

तिसरा प्रकार आपण विसरतो, कारण त्याला आपण डांबरी रस्ता म्हणतो. भोरहून महाडकडे उतरणाऱ्या वरंध घाटासारखे रस्ते पावसाळ्यानंतर कसे होतात ते आठवा. डांबर आहे, पण तुकड्यातुकड्यांनी. खड्ड्याला पाच-सात सेंटिमीटरची उभी कड असते, आणि उतारावर ती दिसते तेव्हा चाक तिच्यावर असतं. परदेशी पुस्तकांत पक्का रस्ता आणि कच्चा रस्ता असे दोन स्वच्छ विभाग असतात. आपल्याकडे खड्डा, उखडलेली बारीक खडी, पेव्हर ब्लॉक, गावागणिक सात-आठ पट्ट्यांचे रम्बलर हा सगळा पक्क्या रस्त्याचाच ऐवज आहे. ‘मी तर डांबरावरच चालवतो’ म्हणणारा माणूससुद्धा मिश्र रस्त्यावरच चालवत असतो.

कोकणातला सडा निराळा. रत्नागिरी-राजापूर पट्ट्यातल्या जांभ्याच्या पठारांवर सुटी खडी कमी असते, पण दगडालाच भोकं आणि खवले असतात. चाक रुतत नाही, सतत थरथरतं. अर्ध्या तासात मनगटं बोलायला लागतात. रुंदीचा सर्वांत जास्त फायदा मला इथे दिसतो, उन्हाळ्यात. पावसात त्याच जांभ्यावर शेवाळ चढतं आणि मग २८ असो की ५०, सगळे सारखेच घसरतात.

हवेच्या टायरचं काम लोखंडी धावेपेक्षा वेगळं आहे. लोखंड दगडाला फक्त दाबू शकतं, हवा त्याला पोटात घेते. बेलफास्टमधल्या डनलप नावाच्या पशुवैद्याने १८८८ साली पेटंट घेतलं ते याच गोष्टीचं. त्याच्या चाळीसएक वर्षं आधी रॉबर्ट थॉमसन याने तीच कल्पना नोंदवली होती हे उघड झाल्यावर ते पेटंट टिकलं नाही, पण नाव डनलपचंच राहिलं. टायर किती मोठा दगड पोटात घेईल हे त्याच्या उंचीवर ठरतं, आणि सायकलच्या टायरचा काप जवळजवळ गोल असल्यामुळे जी रुंदी तीच साधारण उंची. २५ मिलिमीटरच्या टायरात दगड आणि रिम यांच्यामध्ये २५ मिलिमीटर हवा आहे; ४०च्या टायरात ४०. रस्त्यातून २० मिलिमीटर वर आलेलं खडीचं टोक पहिल्याला जवळजवळ रिमपर्यंत पोचतं. त्यावर पहिल्याकडे दोनच उपाय. एक, हवा इतकी ठासून भरायची की टायर दबणारच नाही; मग दगड पोटात जात नाही, सायकल आणि तुम्ही वर उडता. दोन, हवा कमी ठेवायची. मग ट्यूब रिम आणि दगडाच्या चिमट्यात सापडते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. सापाच्या दातांसारखी दिसतात म्हणून या पंक्चरला सायकलवाले स्नेक बाइट म्हणतात.

हे इतकं उघड असूनही अरुंद टायर वेगवान असतो ही समजूत हटत नाही. तिला कारणही आहे. शर्यतीच्या सायकलवर वर्षानुवर्षं २३ मिलिमीटरचे टायर होते, त्यात शंभराच्या वर पौंड हवा असे. (पंक्चरवाल्याकडे पीएसआयला पौंडच म्हणतात, मीही तेच म्हणेन.) असा टायर बोटाने दाबला तर दगडासारखा लागतो, रस्त्यावर त्याची कणकण हँडलमधून हातात येते, आणि शरीराला ती कणकण म्हणजे वेग वाटते. प्रयोगशाळेतली जुनी मोजमापंही या समजुतीला दुजोरा देत, कारण टायर गुळगुळीत पोलादी ढोलावर फिरवून मोजला जाई. ढोलावर खड्डे नसतात. ढोलावर माणूसही बसलेला नसतो.

माणूस बसला की हिशेब बदलतो. सिअॅटलच्या ‘बायसिकल क्वार्टरली’ या नियतकालिकाचे संपादक यान हाइना यांनी २००६च्या सुमारास खऱ्या रस्त्यावर, खऱ्या स्वारासकट टायर उतारावरून सोडून मोजायला सुरुवात केली. पुढे त्यांनी हमरस्त्याच्या कडेच्या खडबडीत पट्ट्यांवरही चाचण्या घेतल्या. निष्कर्ष असा निघाला की टायर ज्या हवेवर दगड पोटात घेतो तिच्यापुढे हवा वाढवली तर वेग वाढत नाही, आणि खडबडीत जागी तर उलट शक्ती जास्त लागते. कारण प्रत्येक धक्क्याला सायकल आणि तिच्यावरचं सत्तर किलोचं शरीर किंचित वर उचललं जातं, आणि त्यासाठी लागलेली ऊर्जा मांसात, स्नायूंत विरून जाते. पुढे गाडी ढकलायला ती परत मिळत नाही. हाइना यांची आज स्वतःची टायर कंपनी आहे आणि ती रुंद टायर विकते, हे लक्षात ठेवूनच त्यांचं लिखाण वाचावं. पण पंपांसाठी प्रसिद्ध असलेल्या सिल्का कंपनीचे जोश पोर्टनर एका अगदी वेगळ्या वाटेने, शर्यतीच्या चाकांवर काम करत, जवळपास त्याच जागी पोचले: हवा वाढवत गेलं की एका बिंदूपर्यंत घर्षण कमी होतं, त्या बिंदूनंतर झपाट्याने वाढतं, आणि रस्ता जितका खराब तितका हा बिंदू खाली. दोन वेगळ्या वाटांनी आलेली माणसं एकाच गोष्टीवर सहमत झाली तर मी सहसा विश्वास ठेवतो.

टायर जमिनीला किती टेकतो याचाही एक सोपा हिशेब आहे. मागच्या चाकावर १०० पौंड भार, म्हणजे सुमारे ४५ किलो, आणि टायरात ५० पौंड हवा असेल, तर जमिनीवरचा ठसा साधारण दोन चौरस इंचांचा होतो. टायर २८चा असो की ४०चा, हवा तेवढीच असेल तर क्षेत्रफळ तेवढंच. फरक आकारात. अरुंद टायरचा ठसा लांबट, रुंदाचा आखूड. लांबट ठशासाठी टायर खोल दबावा लागतो, त्याच्या कडा जास्त वाकतात, आणि रबर वाकून सरळ होताना थोडी शक्ती उष्णतेत जाते. एवढ्यावरून काहीजण रुंद टायर जास्तच पळतो असं सांगत सुटतात. तसं नाही. प्रत्यक्षात आपण रुंद टायरात हवा कमी भरतो, त्यामुळे हा फायदा बराचसा वजा होतो. हातात उरतं ते इतकंच, पण ते पुरेसं आहे: डांबरावर रुंदीचा म्हणण्यासारखा तोटा नाही.

वजनाचा तोटा? तोही मोजून टाकू. २८चा हलका टायर अडीचशे-तीनशे ग्रॅमचा, ४०चा साडेचारशे-पाचशेचा. दोन्ही मिळून चारशे ग्रॅम वाढले म्हणा. स्वार, सायकल आणि पाणी मिळून ८२ किलो धरले तर वाढ अर्धा टक्का. सिंहगडाचा घाट ज्याला एक तास लागतो त्याला पंधरा-वीस सेकंद जास्त लागतील. वाऱ्याचा अडथळा खरा आहे, पण तो चाळीसच्या वेगाने जाणाऱ्या शर्यतवीराचा प्रश्न. वीस-बावीसने जाणाऱ्याने त्यासाठी मनगटं झिजवू नयेत.

रुंदीपेक्षा जिथे खरा वेग हरवतो ती गोष्ट दुकानात कुणी दाखवत नाही: टायरचं कापड. रबराखाली धाग्यांचं अस्तर असतं. ते पातळ, मऊ असेल तर टायर सहज वाकतो; जाडजूड असेल, वर पंक्चररोधक पट्टी असेल, तर तोच ४०चा टायर डांबरावर ओढल्यासारखा वाटतो. ‘रुंद टायर लावून बघितला, सायकल जड झाली’ ही तक्रार वारंवार कानी येते. ती बहुतेकदा खरी असते आणि दोष बहुतेकदा रुंदीचा नसतो. देशी जाड टायर काही शे रुपयांत येतो, आयात केलेला मऊ अस्तराचा काही हजारांत. ही दरी अजून बुजलेली नाही आणि सामान्य माणसाच्या निवडीला खरी कात्री तिथेच लागते.

या सगळ्या वादात आपल्याकडची काळी सायकल गालातल्या गालात हसत असणार. दुधाचे कॅन, गवताचे भारे, मागे बसलेली बायको आणि पुढच्या नळीवर पोर घेऊन शेताच्या बांधावरून गेलेली ती सायकल. तिच्या टायरवर २८ × १ १/२ असं लिहिलेलं असतं. मिलिमीटरच्या भाषेत ते ४०-६३५. पहिला आकडा रुंदीचा. म्हणजे आज ज्याला ग्रॅव्हल सायकलची रुंदी म्हणून मिरवतात ती रुंदी कच्च्या रस्त्यांच्या या देशात दुधवाल्याकडे पहिल्यापासून होती. फ्रान्समध्येही असंच झालं. सेंत-एतियेनचे पॉल द व्हिव्ही, ‘व्हेलोसियो’ या नावाने लिहिणारे, १८८७पासून नियतकालिक चालवत होते आणि डोंगरातल्या भटकंतीसाठी गियर व रुंद टायर यांचा पुरस्कार करत होते. त्यांच्या मागून आलेल्या फ्रेंच भटक्यांनी ६५०बी चाकांवर ४०-४२ मिलिमीटरचे हलके, मऊ टायर वापरून आल्प्सचे कच्चे घाट पार केले. मग शर्यतीची फॅशन सगळीकडे पसरली आणि हे ज्ञान अडगळीत गेलं.

मापांचा घोळ इथेच निस्तरून घेऊ, कारण पैसे यातच वाया जातात. टायरच्या कडेवर मोठ्या अक्षरांत काहीही असो, बारीक अक्षरांत ४०-६२२ असा जोड आकडा शोधायचा. दुसरा आकडा रिमच्या ज्या घेरावर टायर बसतो त्याचा व्यास. ६२२ म्हणजे ७००सी आणि २९ इंची, दोन्ही एकच. ५८४ म्हणजे ६५०बी आणि २७.५ इंची, तीही एकच. ५५९ म्हणजे माउंटन बाइकची जुनी २६ इंची. ६३५ आपली काळी सायकल. दुसरा आकडा जुळला नाही तर टायर बसणार नाही, दुकानदार काहीही म्हणो.

पहिल्या आकड्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये. आतून १९ मिलिमीटर रुंद रिमवर जो टायर ३८ भरतो तो २४ मिलिमीटरच्या रिमवर ४० भरू शकतो. म्हणून फ्रेममध्ये किती बसेल हे बघताना दोन्ही बाजूंना चार-पाच मिलिमीटर मोकळे हवेत, नवा टायर थोडा ताणतो त्याला धरून. जुन्या रोड सायकलच्या कॅलिपर ब्रेकमधून बहुतेकदा २८च्या वर जात नाही. तिथे हा लेख संपतो आणि २८मध्ये हवा योग्य ठेवणं एवढंच उरतं. आपल्याकडच्या हायब्रिड सायकलींत ३५-३८ येतोच आणि ४०ला अनेकदा जागा असते. हायब्रिडवाल्यांनी वेगासाठी २८ लावण्याआधी दोनदा विचार करावा, असं मला कळकळीने सांगायचंय. डिस्क ब्रेक असलेल्या काही सायकलींत ६५०बीची लहान चाकं बसवता येतात आणि हिशेब सुंदर जुळतो: ५८४ अधिक दोन्हीकडचे ४७, म्हणजे ६७८ मिलिमीटर, ६२२ अधिक दोन्हीकडचे २८, तेही ६७८. टायर जवळजवळ पावणेदोनपट रुंद, चाकाची उंची तीच.

मोकळी जागा चिखलासाठीही हवी. मराठवाड्यातली किंवा सोलापूरकडची काळी माती एका सरीनंतर चाकाला अशी धरते की शंभर मीटरमध्ये फ्रेम आणि टायर यांच्यामधली फट बुजते आणि चाक फिरायचं थांबतं. ज्या फ्रेममध्ये ४५ कसाबसा मावतो तिच्यात पावसाळ्यापुरता ३८ लावणं शहाणपणाचं. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये, एम्पोरिया गावातून निघणाऱ्या ‘अनबाउंड’ या ३२० किलोमीटरच्या शर्यतीत २०२३ साली सुरुवातीलाच असा चिखल लागला आणि भारीतल्या भारी सायकली खांद्यावर घेऊन माणसं चालली.

त्याच शर्यतीने रुंदीची हवा जगभर वाढवली. फ्लिंट हिल्स या टेकड्यांच्या नावातच गारगोटी आहे. तिच्या सुऱ्यासारख्या धारांवर टायरच्या कडा फाटतात. तिथले स्वार ३५-३८वरून ४५पर्यंत, आणि अलीकडे काहीजण थेट माउंटन बाइकच्या ५०च्या पुढच्या टायरपर्यंत गेले आहेत. ते बघून आपणही ५० घ्यावा का? मला तसं वाटत नाही. त्यांचा रस्ता बहुतेक सगळा कच्चा, आपला बहुधा निम्म्याहून कमी. त्यांचा वेग तिशीत, आपला पंधरा-विशीत. पॅरिस-रुबेच्या दगडी फरसबंदीवर व्यावसायिक स्वार तिशीच्या पुढे सरकले हा दाखला मला आपल्याला जास्त लागू वाटतो, कारण ती शर्यत डांबर आणि दगड अशी आलटून-पालटून आहे.

तर चाळीस. माझा नियम इतकाच की रुंदी दिवसातल्या सर्वांत वाईट पाच-दहा किलोमीटरांवरून ठरवायची आणि टायरची नक्षी उरलेल्या सगळ्या किलोमीटरांवरून. मधोमध जवळजवळ गुळगुळीत, कडेला थोड्या गाठी, अशी नक्षी मुरमाला पुरते आणि डांबरावर गुणगुणत नाही. ज्याचं ऐंशी-नव्वद टक्के डांबर आहे आणि कालव्याचा एखादा तुकडाच लागतो त्याला ३२ पुरेल. ज्याचं वजन नव्वदच्या पुढे आहे, किंवा जो कॅरियरवर सामान बांधून सडे पालथे घालणार आहे, त्याने ४५-४७कडे जावं. पुढे रुंद आणि मागे थोडा अरुंद हाही चांगला तोडगा. सुट्या खडीत घसरतं ते पुढचं चाक.

हवा मात्र रुंदीइतकीच, किंबहुना जास्त, महत्त्वाची. ४०चा टायर घेऊन त्यात ७० पौंड भरणारे मी बरेच पाहिले आहेत. पैसे रुंदीचे दिले आणि चालवतात अरुंदच. सत्तर किलोचा माणूस, बारा-तेरा किलोची सायकल आणि आत ट्यूब असेल तर अंदाजे आकडे असे: २८ला मागे ८० पुढे ७०, ३२ला मागे ६५ पुढे ५८, ४०ला मागे ४५ पुढे ४०, ४७ला मागे ३५ पुढे ३०. अमेरिकी इंजिनियर-लेखक फ्रँक बर्टो यांचा जुना ठोकताळा आहे, की स्वार बसल्यावर टायर त्याच्या उंचीच्या १५ टक्के दबावा. ४०ला ६ मिलिमीटर. भिंतीला टेकून सायकलवर बसा, कुणाला तरी रिमपासून जमिनीपर्यंत पट्टी धरायला सांगा, हिशेब कळतो. अंगठ्याने दाबून बघण्याचा काहीच उपयोग नाही. टायरच्या कापडावरचा ताण हवेच्या दाबाबरोबरच रुंदीनेही वाढतो, त्यामुळे ५० पौंडांचा रुंद टायर अंगठ्याला ५० पौंडांच्या अरुंदापेक्षा कडक लागतो, आणि ‘अजून थोडी मारा दादा’ म्हणायचा मोह होतो. गेज असलेला पंप घ्या. हुकलेस रिम, म्हणजे टायर अडकवणारी आतली वळलेली कड नसलेली, असेल तर ७२ पौंडांच्या वर जाऊच नका. ती मर्यादा मानकातच आहे.

राहिला काटा. बाभळीचा काटा रुंदी बघत नाही. कालव्याच्या बांधावर, बोरीच्या झुडपांजवळ, छाटलेल्या कुंपणाशेजारी तो आडवा पडलेला असतो आणि ४७मध्येही तितक्याच सहज शिरतो. यावर ट्यूबलेस हा सध्याचा सर्वांत चांगला इलाज. आतलं दुधाळ सीलंट काट्याचं भोक सेकंदांत बुजवतं, शिवाय चिमट्यात सापडायला ट्यूबच नसल्यामुळे हवा आणखी चार-पाच पौंड खाली नेता येते. पण सीलंट वाळतं, आणि विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पाकिटावर लिहिलेल्या मुदतीपेक्षा लवकर वाळतं. दर दोन महिन्यांनी हलवून आवाज ऐकायचा. आत खळखळ नसेल तर भरायचं.

आणि तरीही बरोबर ट्यूब ठेवायची. ती संपली, गाव लहान आहे, दुकानात फक्त काळ्या सायकलची २८ इंची ट्यूब लटकतेय, असा प्रसंग आला तर ती घ्या. ६३५ची ट्यूब ६२२च्या ४०मध्ये बसते, थोडी सैल राहते एवढंच. अडचण येते ती रिमच्या भोकाची. नव्या सायकलींच्या रिमला प्रेस्टा वॉल्व्हचं साडेसहा मिलिमीटरचं भोक असतं आणि काळ्या सायकलच्या ट्यूबची नळी आठ मिलिमीटरच्या आसपास. ती आत जात नाही. लांबच्या मुलखात नियमित जाणाऱ्या काहींनी अॅल्युमिनियमच्या रिमचं भोक मेकॅनिककडून आधीच साडेआठ मिलिमीटरपर्यंत मोठं करून घेतलेलं असतं, आणि रोज प्रेस्टा वापरताना त्यात छोटं वायसर बसवतात. कार्बनच्या रिमला किंवा फार अरुंद रिमला हे करू नये. बाकीच्यांना दहा मिनिटांचं काम आहे.